माफियाचा बार, पोलिसांचा हप्ता: न्यूयॉर्कच्या ‘स्टोनवॉल इन’ची गोष्ट

स्टोनवॉल इन हा काही चांगला बार नव्हता. दारू ओतणाऱ्याच्या मागे नळसुद्धा नव्हता. वापरलेले ग्लास पाण्याच्या टबात बुचकळायचे आणि पुढच्या गिऱ्हाइकाला त्यातच दारू द्यायची. दारू पाणी घातलेली आणि वर महाग. संडास तुंबलेले. आग लागली तर पळायला मागचं दार नाही. खिडक्या आतून प्लायवूड ठोकून बंद केलेल्या. एवढं असूनही न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेज भागातल्या ख्रिस्तोफर स्ट्रीटवरच्या या बारमध्ये शनिवार-रविवारी माणसं तीन-तीन डॉलर मोजून शिरायची.

२८ जून १९६९ च्या पहाटे इथे पोलिसांची धाड पडली, गिऱ्हाइकं उलटली, रस्त्यावर दंगल झाली आणि त्यातून समलिंगी हक्कांच्या चळवळीला नवं वळण मिळालं, एवढं आता बऱ्याच जणांना माहीत असतं. जून महिन्यात जगभर सप्तरंगी झेंडे दिसतात ते याच तारखेमुळे. पण दंगल का झाली हे समजून घ्यायचं तर त्याआधी एक साधा, जवळजवळ हिशेबी प्रश्न विचारावा लागतो: इतका गलिच्छ बार चालत कसा होता? लोक दुसरीकडे का जात नव्हते?

याचं उत्तर दारूच्या परवान्यात आहे. दंगलीचं वर्णन आपण बाजूला ठेवू आणि आधी परवान्याकडे बघू.

परवान्याची अट

अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. ती उठल्यावर दारूवर कसं नियंत्रण ठेवायचं हे ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे आला. न्यूयॉर्क राज्याने १९३४ मध्ये त्यासाठी एक मद्य प्राधिकरण नेमलं. बार काढायचा तर याचा परवाना हवा, आणि परवाना टिकवायचा तर त्याच्या अटी पाळायला हव्यात. त्यातली एक अट अशी की मालकाने आपल्या जागेत बेशिस्त वर्तन होऊ देता कामा नये.

वाचायला ही अट निरुपद्रवी वाटते. मारामारी होऊ देऊ नका, जुगार चालवू नका, इतकंच. पण बेशिस्त म्हणजे नेमकं काय हे कायद्यात कुठेच नीट सांगितलेलं नव्हतं. प्राधिकरणाने त्याचा अर्थ असा लावला की समलिंगी माणसं एका जागी जमली म्हणजे बेशिस्त झालीच. दोन पुरुष एकत्र नाचले, एकमेकांचा हात धरला, एखाद्याने शेजारच्याशी सलगीने बोलायचा प्रयत्न केला, की परवाना धोक्यात. आणि तो शेजारचा पुष्कळदा साध्या वेशातला पोलीस असायचा. माणसाला बोलतं करायचं आणि मग बेड्या ठोकायच्या, हे त्यांचं रोजचं काम होतं. ग्लोरिया नावाच्या एका बारने १९४० च्या सुमारास याविरुद्ध कोर्टात दाद मागितली आणि तो हरला.

‘समलिंगी व्यक्तीला दारू देऊ नये’ असं कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नव्हतं, हे इथे ध्यानात घेण्यासारखं आहे. लिहायची गरजच पडली नाही. परवाना गेला तर गुंतवलेला पैसा गेला, या भीतीने बारमालकच लोकांना दारातून परत पाठवायचे. सरकारने हात वर करायचे आणि घाणेरडं काम दुकानदाराकडून करून घ्यायचं, ही युक्ती जगात बरीच जुनी आहे.

१९६६ मध्ये मॅटाशीन सोसायटी या समलिंगी पुरुषांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेने हे उघडं पाडायचं ठरवलं. २१ एप्रिलला डिक लाइट्श, क्रेग रॉडवेल आणि जॉन टिमन्स हे तिघं कोट-टाय घालून, पत्रकारांना बरोबर घेऊन दुपारी निघाले. बेत असा: बारमध्ये जायचं, आम्ही समलिंगी आहोत असं सांगायचं, दारू मागायची आणि नकार मिळाला की तक्रार गुदरायची. पहिल्याच जागी वास लागला होता, त्यांनी दुकान बंद ठेवलं. दुसऱ्या ठिकाणी मॅनेजर हसला आणि त्याने ग्लास भरून दिले. तिसऱ्या ठिकाणीही दारू मिळाली! अन्याय सिद्ध करायला निघालेल्या माणसांना कुणी अन्यायच करेना. शेवटी ज्यूलियस नावाच्या बारमध्ये काम झालं. तिथे थोड्याच दिवसांपूर्वी पोलिसांनी एकाला पकडलं होतं, त्यामुळे परवान्याची टांगती तलवार होती. बारटेंडरने ग्लासवर हात ठेवला आणि नेमका त्या क्षणाचा फोटो निघाला. फ्रेड मॅकडारा यांनी काढलेला तो फोटो आजही छापला जातो.

मद्य प्राधिकरणाच्या प्रमुखांनी लगेच सांगून टाकलं की आम्ही असं कधीच म्हटलेलं नाही, दारू द्यायची की नाही हे बारटेंडरनेच ठरवायचं. पण पुढच्या एक-दोन वर्षांत चित्र थोडं बदललं. केवळ समलिंगी गिऱ्हाइकं बसली होती एवढ्यावर परवाना रद्द करणं अवघड होऊ लागलं, न्यायालयं पुरावा मागू लागली. म्हणजे कागदावर तरी १९६९ पर्यंत वाट जराशी मोकळी झाली होती. धंदा मात्र तोवर दुसऱ्यांच्या हातात गेलेला होता.

जिथे सज्जन जात नाही

मुंबईत १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर काय झालं ते जुन्या मुंबईकरांना सांगायला नको. माहीमपासून धारावीपर्यंत हातभट्टीचे अड्डे निघाले, गल्लीबोळात आंट्यांची ‘घरं’ चालू लागली, पोलीस ठाण्यात हप्ता पोचू लागला आणि त्या पैशावर वरदराजन मुदलियारसारखी माणसं मोठी झाली. लोकांची तहान कायद्याने जात नाही, फक्त ती भागवणारा बदलतो. न्यूयॉर्कमध्ये तहान दारूची नव्हती, ती दुकानात कुठेही मिळत होती. तहान होती चार लोकांत आपल्यासारख्यांबरोबर बसण्याची. ती भागवायला माफिया पुढे आला.

माफियाला परवान्याची फिकीर नव्हती. स्टोनवॉल इनकडे तर परवानाच नव्हता. त्याने ‘बॉटल क्लब’चं सोंग घेतलं होतं. बॉटल क्लब म्हणजे खाजगी मंडळ: सभासदांनी आपापली बाटली आणायची, तिच्यावर नाव लिहायचं, क्लबने फक्त ती ठेवून घ्यायची आणि ओतून द्यायची. दारू विकली जात नाही, म्हणून परवाना लागत नाही. प्रत्यक्षात गल्ल्यावर सर्रास विक्री चालायची. सोंग पूर्ण व्हावं म्हणून दारापाशी एक वही ठेवलेली असे. आत जाणाऱ्याने तिच्यात सही करायची. खरं नाव कोण लिहिणार? जो तो सुचेल ते नाव ठोकून द्यायचा.

ही इमारत मुळात घोड्यांचे तबेले. १८४० च्या दशकातल्या दोन शेजारच्या इमारती, ५१ आणि ५३ नंबरच्या, १९३० मध्ये एक केल्या गेल्या. १९३४ पासून तिथे स्टोनवॉल नावाचं उपाहारगृह होतं. लग्नाच्या मेजवान्या वगैरे झडायच्या. साठच्या दशकाच्या मध्यात आग लागून ते जळालं. मग टोनी लॉरिया, ज्याला सगळे ‘फॅट टोनी’ म्हणत, आणि त्याचे साथीदार यांनी सगळे मिळून जेमतेम ३,५०० डॉलर घातले, जळकट भिंतींना काळा रंग फासला आणि १८ मार्च १९६७ ला समलिंगी पुरुषांसाठी बार सुरू केला. काळा रंग हे कुणाला सजावटीतलं धाडस वाटेल. तो आगीचे डाग लपवायचा सगळ्यात स्वस्त उपाय होता. शहरातल्या जेनोवीस या माफिया घराण्याच्या छत्राखाली हा धंदा चालायचा, त्यामुळे कमाईतला वाटा वरपर्यंत जायचा.

मग लोक का जायचे?

नाचायला.

पुरुषाने पुरुषाबरोबर नाचणं, तेही संथ गाण्यावर, जवळ घेऊन, हे शहरातल्या दुसऱ्या बारमध्ये जवळपास अशक्य होतं. तिथे फार तर उभं राहून प्यायचं आणि नजर चुकवून बोलायचं. स्टोनवॉलमध्ये ज्यूकबॉक्स (नाणं टाकलं की गाणं वाजवणारं यंत्र) होता, नाचायला दोन जागा होत्या आणि मालकाला गिऱ्हाइकाच्या चारित्र्याशी देणंघेणं नव्हतं. माफियाचा हा एक गुण म्हणायला हवा: त्याला पैशाशी मतलब होता, उपदेशाशी नाही.

दारावर छोटी फट होती. आतला माणूस त्यातून बघून घ्यायचा. ओळखीचा चेहरा किंवा ‘आपल्यातला’ वाटला तर दार उघडायचं. शनिवार-रविवारच्या तीन डॉलरमध्ये दोन ग्लासांची तिकिटं मिळायची. आत प्रामुख्याने तरुण पुरुष असत, गोरे, काळे, पोर्टो रिकन असे सगळे मिसळलेले. काही बायका, काही ड्रॅगमधले, म्हणजे बायकी वेश केलेले पुरुष, आज ज्यांना आपण ट्रान्स (पारलिंगी) म्हणू असेही काही जण. समोरच्या ख्रिस्तोफर पार्कच्या बाकांवर घरातून हाकललेली पोरं झोपायची. सोळा-सतरा वर्षांची. त्यांना कुणी आपला ग्लास दिला, तिकिटाचे पैसे दिले तर रात्रभर एक ऊबदार जागा मिळायची. पुढे दंगलीत सगळ्यात पुढे हीच पोरं होती, आणि ते स्वाभाविक होतं. त्यांच्याकडे गमवायला नोकरी नव्हती, अब्रू नव्हती, घर तर नव्हतंच.

बाकीच्यांकडे मात्र गमवायला पुष्कळ होतं. धाडीत पकडलेल्यांची नावं वर्तमानपत्रात यायची. शिक्षक, सरकारी नोकर, वकील यांचा पेशा एका रात्रीत संपायचा. न्यूयॉर्क राज्यात समलिंगी संबंध हा तेव्हा गुन्हाच होता. तो कायदा थेट १९८० मध्ये न्यायालयाने रद्द ठरवला. डॉक्टरांच्या लेखी हा मानसिक आजार होता आणि अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये तो यादीतून काढला. कपड्यांवरूनही पकडत. त्यासाठी १८४५ चा एक कायदा वापरात होता, तो मुळात वेष पालटून जमीनदारांच्या वसुलीला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांसाठी केलेला! शेतकऱ्यांचं बंड विरून शतक उलटलं तरी कायदा उरला आणि तो साडी-चोळीवाल्या पुरुषासारख्या, म्हणजे झगा घातलेल्या पुरुषावर चालवला जाऊ लागला. अंगावर आपल्या लिंगाचे किमान तीन कपडे असावेत, असा नियम लोक एकमेकांना सांगत. तसा लेखी नियम कुठे सापडत नाही. पण पोलीस तो पाळायचे आणि लोक त्याला भ्यायचे, त्यामुळे तो कायद्याइतकाच खरा ठरला.

या भीतीतही पैसा होता. बारच्या लोकांनी शेअरबाजारात, बँकांत काम करणाऱ्या सधन गिऱ्हाइकांना हेरून त्यांना धमकावणं सुरू केलं होतं. तुझ्या साहेबाला सांगू का? काही इतिहासकारांच्या मते या खंडणीतून दारूपेक्षा जास्त मिळकत होत होती.

हप्त्याची पद्धत

आठवड्याला एक पोलीस येऊन पैशाचं पाकीट घेऊन जायचा. याचा अर्थ धाडी पडत नव्हत्या असा नाही. धाडी पडायच्या, महिन्याकाठी एखादी, पण रीतसर. आधी खबर मिळायची. संध्याकाळी लवकर, गर्दी व्हायच्या आत पोलीस यायचे. बहुतेक माल बारमागच्या चोरकप्प्यात किंवा रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या मोटारीत ठेवलेला असायचा, त्यामुळे जप्तीत फारसं काही जायचं नाही. नाचाच्या जागेवरचे पांढरे दिवे लागले की समजायचं, पोलीस आले. क्षणात सगळे एकमेकांपासून दूर व्हायचे. ओळखपत्रं तपासली जायची, दोन-चार जणांना गाडीत घालायचं, आणि तासा-दोन तासांत बार पुन्हा सुरू. पोलिसांच्या वहीत कारवाईची नोंद, मालकाचा धंदा शाबूत. भरडला जायचा तो फक्त गिऱ्हाईक.

२७ जूनच्या शुक्रवारी रात्री हा रिवाज मोडला, आणि मला वाटतं पुढचं सगळं समजायला हाच धागा धरावा लागतो. मंगळवारी एक धाड होऊन गेली होती, लगेच दुसरी पडेल असं कुणाच्या मनात नव्हतं. ही धाड हप्ता खाणाऱ्या स्थानिक ठाण्याची नव्हती. सार्वजनिक नीतिमत्तेचं काम पाहणाऱ्या पथकाचे उपनिरीक्षक सीमोर पाइन यांनी ती घातली आणि स्थानिक ठाण्याला अगदी शेवटच्या घडीपर्यंत कळू दिलं नाही. वेळही आडनिडी: रात्रीचे एक वाजून वीस मिनिटं, बार गच्च भरलेला, दोनशेच्या आसपास माणसं. या वेळी उद्देश बार कायमचा बंद करण्याचा होता. कागदोपत्री कारण होतं विनापरवाना दारूविक्री. बिअरची २८ खोकी आणि दारूच्या १९ बाटल्या जप्त झाल्या.

नेहमीसारखं रांगेत उभं करून ओळखपत्रं मागायला सुरुवात झाली. बायकी वेशातल्यांना महिला पोलिसाबरोबर संडासात जाऊन ‘तपासणी’ करून घ्यायला सांगितलं, त्यांनी नकार दिला. मग इतर पुरुषांनीही ओळखपत्र दाखवायला नकार दिला. ज्यांना सोडलं ते एरवी मान खाली घालून पांगायचे. त्या रात्री ते दारासमोरच थांबले. शुक्रवारची उकाड्याची रात्र, ये-जा करणारे थबकले, बागेतली पोरं आली, आणि पोलिसांची गाडी यायला उशीर झाला. गर्दी काही शेकड्यांवर गेली. एका स्त्रीला बेड्या घालून फरफटत नेत असताना ती पुन्हा पुन्हा सुटायची, झगडायची. तिने गर्दीकडे वळून ‘तुम्ही काही करत का नाही?’ असं ओरडून विचारलं असं पुष्कळांनी सांगितलेलं आहे.

गर्दीने पोलिसांवर आधी काय फेकलं? चिल्लर. सुटी नाणी. हे घ्या तुमचं पाकीट, असा त्याचा उघड अर्थ होता. दोन वर्षं ज्यांच्या तिकिटाच्या पैशातून हप्ता जात होता त्यांनीच तो आता तोंडावर मारला. नाण्यांमागून बाटल्या, मग विटा. पाइन आणि त्यांचे मोजके सहकारी माघार घेऊन त्याच बारमध्ये शिरले आणि आतून दार लावून बसले. त्यांच्याबरोबर अडकलेल्यांत एक पत्रकार होता, आणि डेव्ह व्हॅन रॉंक हा लोकसंगीत गायकही; तो शेजारी जेवायला आला होता आणि गोंगाट ऐकून बाहेर पडला होता. बाहेरच्यांनी पार्किंगचा मीटर उखडून त्याने दारावर धडका द्यायला सुरुवात केली. कुणी पेटतं काही आत फेकलं. दंगलविरोधी पथक आलं तेव्हा कुठे आतल्यांची सुटका झाली. मग ढाली घेतलेल्या पोलिसांच्या रांगेसमोर पोरांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, पाय उडवत, तमाशातल्या नाच्यालाही लाजवतील असा नाच केला. लाठी आली की पळायचं, गल्लीला वळसा घालून पोलिसांच्या मागे यायचं आणि पुन्हा नाच. पहिल्या रात्री १३ जणांना अटक झाली.

दुसऱ्या रात्री हजारो जमले. बुधवारी, २ जुलैला, शेवटचा भडका उडाला. तोही ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाने दंगलीबद्दल शेलक्या शिव्या वापरून लिहिलं म्हणून. मॅटाशीन सोसायटीने बारच्या बंद खिडकीवर लोकांना शांततेचं आवाहन रंगवलं. त्याच भिंतींवर बार कायदेशीर करा अशीही मागणी कुणी खरडली होती. जुन्या पिढीची सभ्य वाट आणि पोरांचा संताप, दोन्ही एकाच प्लायवूडवर.

पहिली वीट कुणाची?

हा वाद काही मिटत नाही. ड्रॅग क्वीन आणि कार्यकर्त्या मार्शा पी. जॉन्सन यांचं नाव सगळ्यात जास्त घेतलं जातं, पण त्यांनी स्वतःच सांगितलं होतं की त्या पोचल्या तेव्हा दंगल सुरू झालेली होती. बेड्या घातलेली ती झगडणारी स्त्री म्हणजे पुरुषवेशात कार्यक्रम करणारी गायिका स्टॉर्मे डेलार्व्हेरी होती असं काही सांगतात, काही नाकारतात. गायिका ज्यूडी गार्लंड यांचा अंत्यविधी त्याच शुक्रवारी झाला, म्हणून लोक हळवे होते आणि म्हणून चिडले, अशीही एक कथा आहे. दंगलीत प्रत्यक्ष असलेल्यांपैकी कित्येकांनी ती हसण्यावारी नेली. पहिल्या रात्रीच्या दंगलीचा एकच फोटो ज्ञात आहे. पुराव्याची अशी टंचाई असली की आठवणी आणि दंतकथा ती जागा भरून काढतात. मला तर वाटतं, पहिली वीट शोधण्यापेक्षा ते पहिलं नाणं जास्त बोलकं आहे.

शिवाय हा पहिला प्रतिकार नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉम्प्टन्स कॅफेटेरियात १९६६ मध्ये ट्रान्स स्त्रियांनी पोलिसांशी झुंज दिली होती. लॉस एंजेलिसच्या ब्लॅक कॅट बारमधल्या धाडीनंतर १९६७ मध्ये निदर्शनं झाली होती. स्टोनवॉल टिकलं ते त्यानंतर लोकांनी काय केलं त्यामुळे. जुलैतच ‘गे लिबरेशन फ्रंट’ उभी राहिली. नोव्हेंबरमध्ये फिलाडेल्फियातल्या एका बैठकीत क्रेग रॉडवेल, फ्रेड सार्जंट, एलन ब्रॉइडी आणि लिंडा ऱ्होड्स यांनी दर वर्षी जूनअखेरीस मोर्चा काढायचा ठराव मांडला. हा रॉडवेल म्हणजे कोट-टाय घालून दारू मागायला गेलेला तोच. दंगलीनंतर त्याने पत्रकं वाटली होती ती पोलिसांविरुद्ध जितकी तितकीच माफियाविरुद्ध: दोघांनाही बारमधून हाकला. २८ जून १९७० ला ख्रिस्तोफर स्ट्रीटपासून सेंट्रल पार्कपर्यंत पहिला मोर्चा निघाला. वर्धापनदिन साजरा करायची ही शिस्त नसती, तर स्टोनवॉलही इतर धाडींसारखं विसरलं गेलं असतं.

बार मेला, नाच उरला

दंगलीने बारचं काय झालं? धंदा बसला. ज्या जागेचा एवढा बोलबाला झाला तिथे लपून नाचायला कोण येणार? काही महिन्यांतच स्टोनवॉल इन बंद पडला. इमारतीचे पुन्हा दोन गाळे झाले, आणि पुढची काही वर्षं तिथे बेगलचं दुकान, चिनी खानावळ, चपलांचं दुकान असं काय काय आलं नि गेलं.

धाडीही थांबल्या नाहीत. मार्च १९७० मध्ये याच पाइन यांनी स्नेक पिट नावाच्या बारवर धाड घातली आणि १६७ जणांना पकडलं. पण आता लोकांनी माफियाला वगळून नाचायची सोय स्वतः करायला घेतली. ‘गे ॲक्टिव्हिस्ट्स अलायन्स’ने १९७१ मध्ये सोहो भागातलं एक जुनं अग्निशमन केंद्र भाड्याने घेतलं, तिथल्या शनिवारच्या नाचाला तुफान गर्दी व्हायची आणि पैसा चळवळीला मिळायचा. डेव्हिड मॅन्क्युसो याने १९७० पासून स्वतःच्या राहत्या मजल्यावर, ‘द लॉफ्ट’मध्ये, निमंत्रितांसाठी पार्ट्या सुरू केल्या. दारू विकायचीच नाही, मग परवाना कसला? मद्य प्राधिकरणाच्या हातात धरायला काही उरलंच नाही. हाच मार्ग पुढे पॅराडाइज गॅरेजने घेतला. किंग स्ट्रीटवरच्या मोटारींच्या गॅरेजमधला हा क्लब १९७७ ते १९८७ चालला, मुख्यतः काळ्या आणि लॅटिनो समलिंगी तरुणांचा. दारू नाही, फक्त फळं, सरबत आणि डीजे लॅरी लेव्हानचं संगीत. डिस्कोपासून हाउसपर्यंतच्या नाचाच्या संगीतावर या दोन जागांची छाप आहे. आज कुठल्याही लग्नाच्या डीजेकडून वाजणारा तो सलग ठोका घडवण्यात ज्यांचा हात होता, त्यांच्या मागेही तोच परवाना लागलेला होता.

स्टोनवॉलच्या ५३ नंबरच्या गाळ्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा बार आला आणि त्याने जुनं नाव घेतलं. तोही धड चालेना. २००६ च्या सुमारास कायमचा बंद होण्याची वेळ आली, तेव्हा नव्या मालकांनी तो घेऊन सावरला. कोविडमध्ये तर भाडं भरण्यासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली. एव्हाना तो राष्ट्रीय स्मारकाचा भाग झालेला होता, ओबामांनी २०१६ मध्ये तशी घोषणा केली होती. पोलीस आयुक्तांनी १९६९ च्या धाडीबद्दल माफी मागितली ती जून २०१९ मध्ये, पन्नास वर्षांनी. पाइन यांनी स्वतः त्याआधीच, २००४ मध्ये, खेद व्यक्त केला होता.

आपल्याकडे या तारखेचा माग काढायचा तर कोलकात्यात जावं लागतं. २ जुलै १९९९ ला, स्टोनवॉलला तीस वर्षं झाली म्हणून, पंधरा जण पिवळे टीशर्ट घालून तिथल्या रस्त्यावर चालले. ‘फ्रेंडशिप वॉक’ असं साळसूद नाव दिलं होतं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ तेव्हा पूर्ण जोरात होतं. मुंबईचा मोर्चा २००८ मध्ये ऑगस्ट क्रांती मैदानावरून सुरू झाला. जूनच्या पावसात न्यूयॉर्कची तारीख पाळण्याच्या भानगडीत तो पडला नाही. ऑगस्ट निवडला आणि नावातच ‘आझादी’ घातली. पुढे तो थंडीच्या दिवसांत, जानेवारी-फेब्रुवारीकडे सरकला.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय उद्यान खात्याने स्टोनवॉल स्मारकाच्या अधिकृत माहितीतून ट्रान्स लोकांचा उल्लेख काढून टाकला. दुसऱ्याच दिवशी ख्रिस्तोफर पार्कमध्ये निदर्शनं झाली. इथे एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही: स्मारकातली सरकारी मालकीची जमीन म्हणजे फक्त समोरची ती छोटी बाग. बार खाजगी आहे. २०२१ मध्ये एका मोठ्या बिअर कंपनीने समलिंगींविरोधी राजकारण्यांना देणग्या दिल्या म्हणून मालकांनी प्राइडच्या, म्हणजे जूनमधल्या या वार्षिक उत्सवाच्या, काळात तिची बिअर विकायचं बंद केलं, ते त्यांना कुणाला विचारून करावं लागलं नाही. बिअर विकण्याचा परवाना मात्र त्यांनाही त्याच मद्य प्राधिकरणाकडून घ्यावा लागतो.